दीड हजाराचं वाटप आणि आमची एकोणीस जणांची यादी

दिवाळीच्या आधी साधारण आठवडाभर ग्रामपंचायतीच्या शिपायाचा फोन यायचा. उद्या अकराला या, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स आणा, दिव्यांग निधीचं वाटप आहे. मग आम्ही सगळे जायचो, कुणी तीनचाकी सायकलवर, कुणी आईच्या खांद्याला धरून, कुणाला भावानं गाडीवर मागं बसवून आणलेलं, आणि मी माझी कुबडी घेऊन. हॉल पहिल्या मजल्यावर, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला आणि चढताना तो माझ्या डाव्या हाताला येतो, म्हणजे ज्या हातात जोर नाही त्याच बाजूला. वर गेलं की सतरंजी, गुलाबाचं फूल, सरपंचांचे दोन शब्द, फोटो आणि पंधराशेचा चेक. मग परत चौदा पायऱ्या खाली, आणि चढण्यापेक्षा उतरायची भीती जास्त असते हे ज्यांचे पाय ऐकत नाहीत त्यांनाच कळेल.

आमच्या गावात निदान वाटप तरी व्हायचं. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं चार हजार वस्तीचं गाव आमचं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी जणांना असा काही निधी असतो हेच माहीत नसतं. तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्या राज्यात प्रत्येक ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हे ३ टक्के होते, २०१८ च्या शासन निर्णयानं ५ झाले. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजारची वसुली असलं सगळं, सरकारकडून येणारा वित्त आयोगाचा पैसा त्यात धरत नाहीत. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषद यांनाही असा निधी ठेवायचा असतोच पण मी ग्रामपंचायतीचंच बोलणार, कारण मी तिथंच बसलेय आणि तिथलंच पाहिलंय.

आमच्या पंचायतीची वसुली तेव्हा साधारण १४ लाख होती. त्याचे पाच टक्के सत्तर हजार. गावात दिव्यांगत्वाचा दाखला असलेले आम्ही ४६ जण. सत्तर हजार भागिले शेहेचाळीस, पंधराशे एकवीस रुपये आणि वरचे काही पैसे. सगळ्यांना सारखं दिलं की भांडण नाही, कुणाला जास्त कुणाला कमी नाही, ऑडिटला यादी तयार. ग्रामसेवकाच्या जागी मी असते तर मीही बहुतेक हेच केलं असतं.

पण माझ्या त्या पंधराशेचं काय झालं हे मला एकाही वर्षाचं सांगता येणार नाही. किराण्यात गेले, रिचार्जला गेले, एकदा आईनं दिवाळीच्या तेलाला घेतले. आमच्या वाडीतला एक मुलगा पूर्ण अंध आहे, बीए झालेला, अतिशय हुशार, त्याला कॉम्प्युटर शिकून बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते टाकायला लॅपटॉप तर पाहिजे ना, आणि सेकंडहँड लॅपटॉप अठरा हजाराला होता. तो मला फोनवर म्हणाला, ताई मी हिशोब केला, वाटपाचे पैसे साठवले तर बारा दिवाळ्या लागतील. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. बारा दिवाळ्यांनी तो चौतीसचा होणार. त्या रात्री मला झोप लागली नाही हे मी खरंच सांगते.

मग मी एक ग्रुप काढला. गावातले १५ ते ३५ वयाचे आम्ही जेवढे आहोत तेवढे सगळे त्यात, मोजले तर एकोणीस भरले. सेरेब्रल पाल्सीवाली (म्हणजे मेंदूचा हातापायांवर पुरता ताबा नसलेली) मी, लॅपटॉपवाला धरून दोघं अंध, तिघांना ऐकू येत नाही, एकजण विहिरीवर मणक्याला मार लागून चाकाच्या खुर्चीत बसलेला, दोन मुली बौद्धिक दिव्यांग, बाकीचे हातापायाचे. २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलंय, १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते, त्यामुळे सिकलसेल, थॅलेसेमिया असले रक्ताचे आजार असलेल्यांनाही आता दाखला मिळू शकतो, पण आमच्याकडे तशा एका मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला दाखला काढायला मेडिकल बोर्डाच्या दिवशी तीनदा जावं लागलं, तो मिळाल्यावर आम्ही सत्तेचाळीस झालो, ते नंतर. (दिव्यांग म्हणायचं की अपंग यावर ग्रुपवर पहिल्याच आठवड्यात वाद झाला. कागदावर दिव्यांग लिहायचं आणि आपापसात ज्याला जे बरं वाटेल ते, असं ठरलं. मला स्वतःला अपंग म्हटलेलं चालतं, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.)

माझ्या डोक्यात पहिल्यांदा जी कल्पना आली ती चुकीची होती. मला वाटलं होतं की सगळे सत्तर हजार एकत्र ठेवायचे आणि ज्यांना कामधंद्यासाठी, शिक्षणासाठी लागतात त्यांना मोठ्या रकमेत द्यायचे. मी हे मोठ्या उत्साहानं आमच्या आळीतल्या आज्जींना सांगितलं, त्यांचा एक पाय शुगरनं गुडघ्याखाली काढलाय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरी, तुझं खरं हाय. पण माझ्या दोन म्हयन्याच्या गोळ्या त्यात येत्यात. त्या कुठनं आणू?" मला उत्तर नव्हतं. मी पंधराशेला किरकोळ म्हणत होते आणि त्यांच्यासाठी ते किरकोळ नव्हते. हे मी विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवतेय.

म्हणून मग ग्रुपवर वेगळं ठरलं. म्हाताऱ्यांच्या, लहान मुलांच्या, कुणाच्याच वाट्याला हात लावायचा नाही. फक्त आम्ही एकोणीस जणांनी आमचे आमचे पंधराशे सोडायचे आणि ते एका जागी करायचे. एकोणीस गुणिले पंधराशे एकवीस, जवळपास २८,९००. आणि ते त्या वर्षी कुणाला द्यायचे हे सरपंच नाही, सदस्य नाही, आम्ही एकोणीस जणांनीच ठरवायचं. त्यातही तिघांच्या घरून विरोध झाला, एकाचे वडील म्हणाले की हक्काचे सोडून दुसऱ्याला कशाला द्यायचे, त्यांना समजवायला लॅपटॉपवाला मुलगा स्वतः काठी टेकत त्यांच्या घरी गेला, आणि ते तयार झाले ते माझ्यामुळे नाही, त्याच्यामुळे.

भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात पण गावात भाऊसाहेबच) काळजी होती ऑडिटची. खरंतर रास्त काळजी होती, उद्या कुणी तक्रार केली तर सही त्यांची असणार. त्यांनी शासन निर्णय काढून वाचला, त्यात वैयक्तिक लाभ देता येतो आणि सामूहिक कामंही करता येतात. मग मार्ग असा निघाला की पैसा आमच्या हातात येणारच नाही. आम्ही बसून ठरवायचं, यादी आणि रक्कम लिहून द्यायची, ती ग्रामसभेपुढे ठेवायची, ठराव झाला की पैसे ज्याचे त्याच्या बँक खात्यात, आणि खरेदीची पावती पंचायतीत जमा. २६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेत विषय घेतला. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि मी तोपर्यंत एकाही ग्रामसभेला गेले नव्हते, चौदा पायऱ्या. त्या दिवशी आम्ही अकरा जण गेलो, आणि चाकाच्या खुर्चीतला दादा खाली अंगणातच थांबला आणि म्हणाला, माझा विषय आहे, मी इथूनच बोलणार. सरपंच अण्णांनी दोन मिनिटं वर खाली पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले चला, सतरंजी खाली घ्या. तेव्हापासून आमची ग्रामसभा अंगणात लिंबाखाली होते. ठराव मंजूर झालाच, पण मला विचाराल तर त्या दिवसाची मोठी गोष्ट ही सतरंजी होती.

आता ठरवायचं कसं, यावर आमचे तीन रविवार गेले. हात वर करून मत घ्यायचं म्हटलं तर दोघांना दिसत नाही, बोलून घ्यायचं म्हटलं तर तिघांना ऐकू येत नाही, चिठ्ठीवर लिहायचं तर चौघांना लिहिता येत नाही. शेवटी चिंचोके आले. प्रत्येकाला पाच चिंचोके. जेवढ्या मागण्या तेवढ्या वाट्या मांडायच्या, आणि प्रत्येक वाटीजवळ त्या मागणीची एक वस्तू ठेवायची, शिलाई मशीनची मागणी असेल तर दोऱ्याचं रीळ, गॅरेजची असेल तर पाना, लॅपटॉपला माऊस. हातानं चाचपून कळतं, डोळ्यानं बघून कळतं, आणि आमच्यातल्या ज्या मुलीला वाचता येत नाही आणि फार बोलताही येत नाही तिलाही बरोबर कळतं. पहिल्या वेळी तिनं पाचही चिंचोके रिळाच्या वाटीत टाकले आणि तिची आई म्हणाली अगं सगळे एकातच नको टाकू, तर तिनं आईचा हात बाजूला केला. तिच्या आयुष्यात पैशाबद्दलचा हा पहिला निर्णय होता आणि तो तिनं बदलला नाही. नियम असा की स्वतःच्या मागणीच्या वेळी आपण बाहेर जायचं आणि आपल्या वाटीत चिंचोका टाकायचा नाही.

पहिल्या वर्षी सहा मागण्या आल्या, तीन बसल्या. लॅपटॉप अठरा हजाराचा, त्यातले बारा निधीतून आणि सहा त्याच्या मामानं घातले. पायानं अधू असलेल्या ताईच्या शिलाई मशीनला मोटर, म्हणजे पायडल मारायचं काम नाही, आणि सोबत पिको-फॉलचं जुनं मशीन, दोन्हीला मिळून नऊ हजार. आणि एकाला दोन शेळ्या, सात हजार नऊशे. हिशोब चोख अठ्ठावीस हजार नऊशे.

ताईचं मशीन आज तीन वर्षं चालू आहे, लग्नसराईत तिला जेवायला वेळ नसतो. लॅपटॉपवाल्याची परीक्षा अजून निघालेली नाही, दोनदा थोडक्यात राहिली, पण तो आता गावातल्या ई-सेवा केंद्रात अर्धा दिवस बसतो, आणि सातबाऱ्याचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज भरतो आणि लोक त्याच्याकडे रांग लावून उभे असतात. आधी हेच लोक त्याला हाताला धरून रस्ता पार करून द्यायचे, अजूनही देतात, पण आता विचारतात की कुठं जायचंय.

शेळ्यांचं मात्र झालं नाही. एक पावसाळ्यात मेली, दुसरी त्यानं घरच्या अडचणीत विकली. यावर आमच्यात खरं भांडण झालं. काहीजण म्हणाले त्याच्याकडून पैसे परत घ्या, आम्ही आमचे पंधराशे सोडले ते याच्यासाठी का. रागावलेल्यांचं मला चूक वाटत नव्हतं कारण त्यातल्या एकीनं त्या वर्षी दिवाळीला नवीन काही घेतलं नव्हतं. दोन रविवार बोलणं झालं. शेवटी खुर्चीतला दादा म्हणाला की बँक आपल्याला कर्ज देत नाही कारण आपण बुडवू असं त्यांना वाटतं, आणि आपणही एकमेकाला तसंच बघायचं असेल तर मग बँकच बरी. परत मागायचं नाही असं ठरलं. पण जनावराची मागणी असेल तर विमा आणि चारा कुठून येणार हे आधी सांगायचं, हा नियम तेव्हा आला. आणि शेळ्यावाल्याला ग्रुपमधून काढलं नाही. तो दुसऱ्या वर्षी चिंचोके टाकायला आला होता, सगळ्यात शेवटी बसला होता, पण आला होता.

दुसऱ्या वर्षी एक वेगळीच गोष्ट घडली, जी मी आधी कधी विचारातच घेतली नव्हती. पाच टक्के कशाचे, तर वसूल झालेल्या उत्पन्नाचे. म्हणजे गावानं घरपट्टी भरली नाही तर आमचे पाच टक्केही कमी. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्यातले सात-आठ जण शिपायाबरोबर घरोघरी बिलं वाटायला गेले. एका घरात म्हणाले, तुम्ही आलाय म्हणून भरतो, तुमच्याकडं बघून. मी म्हटलं काका आमच्याकडं बघून नको, यातले पाच रुपये आमचे आहेत आणि पंच्याण्णव तुमच्या दारातल्या दिव्याचे आणि नळाचे. ते हसले आणि मागची थकबाकीही भरली. त्या वर्षी वसुली १७ लाखांवर गेली. म्हणजे आज्जींच्या गोळ्यांचे पंधराशेही अठराशेच्या वर गेले, आणि या गोष्टीचा मला लॅपटॉपपेक्षाही जास्त आनंद झाला.

हे आम्ही काही जगावेगळं शोधून काढलं असं मी म्हणणार नाही, नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की असं बऱ्याच ठिकाणी करून पाहिलंय. तामिळनाडूत २००५ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून पुदु वाळ्वु नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यात गावातल्या गरिबी निर्मूलन समितीकडे थेट निधी दिला जायचा आणि गावातले दिव्यांग कोण, त्यांना काय लागतं हे गावातच बसून ठरायचं. डिसॅबिलिटी राइट्स फंड म्हणून २००८ पासून एक आंतरराष्ट्रीय निधी आहे, तो वेगवेगळ्या देशांतल्या दिव्यांगांच्या संघटनांना अनुदान देतो, आणि कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत दिव्यांग लोक बसलेले असतात. मुद्दा एवढाच की देणाऱ्याच्या बाजूच्या टेबलावर आपल्यातलं कुणीतरी पाहिजे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारतानं २००७ मध्येच मान्य केलाय आणि त्यातही हेच लिहिलंय, आमच्याविषयीचे निर्णय घेताना आम्हाला विचारा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग मोजले गेले होते, २०२२ च्या डिसेंबरात राज्यानं वेगळा दिव्यांग कल्याण विभागही काढला, त्याचा मला आनंदच आहे, पण मंत्रालयापासून आमच्या लिंबापर्यंत फार अंतर आहे आणि पाच टक्क्यांचा निर्णय मात्र लिंबाखालीच होतो.

ज्यांना आपल्या गावात विचारायचंय त्यांच्यासाठी एवढंच सांगते, आधी पंचायतीत जाऊन गेल्या वर्षीची एकूण वसुली किती आणि दिव्यांग निधीत खर्च किती हे दोन आकडे लेखी मागा. तोंडी नको. आमच्या इथं भाऊसाहेबांनी सरळ दिले, सगळीकडे देतीलच असं नाही, नाही दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि ग्रामसभेला एकट्यानं जाऊ नका, पाच-सहा जण जा, त्यातला एखादा तरी असा असू दे ज्याला गर्दीत बोलायची भीती वाटत नाही. आमच्यात तो खुर्चीतला दादा होता.

अजून आमचं अडतं ते एका ठिकाणी. ऐकू न येणाऱ्या तिघांचं आम्हाला सांगायची ती त्यातल्या एकाची बहीण, लहानपणापासून भावाबरोबर हातानं बोलणारी. गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. पुढच्या बैठकीत ते तिघं आले, बसले, आणि आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळेना आणि ते काय म्हणतायत ते आम्हाला. इतकी वर्षं आम्ही चिंचोके, वाट्या, सगळ्याचा विचार केला आणि एका मुलीच्या हातांवर सगळं उभं होतं हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिघांतला एक गॅरेजमध्ये काम करतो, त्याला स्वतःचा पान्यांचा सेट पाहिजे होता आणि ती मागणी त्यानं कुणाला समजावता न आल्यानं मांडलीच नाही, हे आम्हाला महिनाभरानं कळलं. आता दिल्लीच्या सांकेतिक भाषेच्या केंद्रानं काढलेलं साइन लर्न नावाचं ॲप आहे, त्यात दहा हजार शब्द आहेत, आम्ही पाच जण त्यावरून रोज संध्याकाळी शिकतोय. पण त्यांचे घरातले हात आणि ॲपमधले हात बऱ्याच ठिकाणी वेगळे पडतात, म्हणून आता तेच तिघं आम्हाला शिकवतायत, आणि चुकलं की तो गॅरेजवाला जोरात मान हलवतो. पैसे हा शब्द मला पहिल्यांदा आला, उधार दुसऱ्यांदा.

या रविवारी चारला बैठक आहे. पाच मागण्या आल्यात, त्यात पान्यांचा सेट आहे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा एक माझीही आहे. माझ्या जुन्या स्कूटीला मागून दोन जादा चाकं बसवून घ्यायचीयत, गॅरेजवाल्यानंच अंदाज दिलाय, साडेनऊ हजार. कॉलेज सुटल्यापासून तालुक्याला जायचं म्हटलं की मला कुणाच्यातरी मागं बसावं लागतं. दोन्ही मागण्या यंदाच्या पैशात बसत नाहीत हे मी हिशोब करून बघितलंय. माझ्या वाटीजवळ काय ठेवायचं हे मुलींनी विचारलं तर मी स्कूटीची किल्ली देऊन टाकली, आणि चिंचोके पडतील तेव्हा मी नियमाप्रमाणे बाहेर, पाराच्या पलीकडं बसलेली असेन.